तिला स्वतःला काय हवंय?

प्रश्न असा आला आहे: सिनेमा, मालिका आणि ओटीटीवर गेल्या काही वर्षांत पन्नाशी-साठीच्या पुढच्या स्त्रिया मध्यवर्ती भूमिकांत दिसू लागल्या आहेत. त्यांचं चित्रण खरोखर बदललंय, की नुसता वावर वाढलाय? आणि नव्याने लिहिणाऱ्याने अशी व्यक्तिरेखा लिहिताना काय सांभाळावं?

मी बरीच वर्षं पटकथा आणि मालिकांचे संवाद लिहिते आहे, त्यामुळे उत्तर लिहिणाऱ्याच्या बाजूने देते. चित्रण बदललंय. मात्र 'पूर्वीची म्हातारी दुबळी होती आणि आताची कणखर झाली' हे जे नेहमी ऐकू येतं, ते मला पटत नाही. जुन्या पडद्यावरची आई विलक्षण ताकदीची होती. 'मदर इंडिया'तली (१९५७) राधा गावाच्या लेकीची अब्रू वाचवण्यासाठी पोटच्या पोराला गोळी घालते. 'दीवार'मधली (१९७५) आई श्रीमंत मुलाचा बंगला सोडून दुसऱ्या मुलाकडे निघून जाते, आणि त्या पोलीस मुलाच्या हाती पिस्तूल देऊन त्याला भावाच्या मागावर पाठवते. याहून मोठे निर्णय कुठल्या नायकाने घेतले? पण या दोघींबद्दल एक साधा प्रश्न विचारून बघा. मुलगा, घर, गाव, धर्म हे सगळं क्षणभर बाजूला ठेवलं, तर तिला स्वतःला काय हवं होतं? पटकथेत उत्तर सापडत नाही, कारण तो प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. ताकद होती, इच्छा नव्हती. आज जो बदल झालाय तो इथे, इच्छेच्या जागी झालाय, आणि तो अजून अर्धवट आहे.

आधी वयाचा हिशेब मांडते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नर्गिस आणि सुनील दत्त दोघांचाही जन्म जून १९२९चा, पाच दिवसांच्या अंतराने. 'मदर इंडिया'त ती आई, तो मुलगा. निरूपा रॉय 'दीवार'मधल्या आपल्या धाकट्या मुलापेक्षा, म्हणजे शशी कपूरपेक्षा, सातच वर्षांनी मोठ्या होत्या. सुलोचनाबाईंचा जन्म १९२८चा. 'जॉनी मेरा नाम'मध्ये (१९७०) त्या देव आनंद आणि प्राण यांची आई होत्या आणि दोन्ही 'मुलं' त्यांच्याहून वयाने मोठी. वहिदा रेहमान 'कभी कभी'त (१९७६) अमिताभ बच्चनची पत्नी होती, दोनच वर्षांनी 'त्रिशूल'मध्ये आई. राखी १९७८च्या 'मुकद्दर का सिकंदर'मध्ये त्याच अमिताभचं प्रेम होती, १९८२च्या 'शक्ती'त आई झाली. 'अग्निपथ'मध्ये (१९९०) रोहिणी हट्टंगडी आई झाल्या तेव्हा त्यांचा 'मुलगा' अमिताभ त्यांच्याहून कितीतरी वर्षांनी मोठा होता. लीला चिटणीस १९३९च्या 'कंगन'मध्ये अशोक कुमारची नायिका होत्या आणि १९४८च्या 'शहीद'मध्ये दिलीप कुमारची आई. नऊ वर्षांत एक पिढी ओलांडली.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. 'द मंचुरियन कँडिडेट'मध्ये (१९६२) अँजेला लॅन्सबरी ज्याची आई झाली तो लॉरेन्स हार्वी तिच्याहून तीन वर्षांनी लहान होता. 'द ग्रॅज्युएट'मध्ये (१९६७) ज्या 'उतारवयाच्या' मिसेस रॉबिन्सनने कोवळ्या तरुणाला जाळ्यात ओढलं, ती अॅन बँक्रॉफ्ट पस्तिशीत होती आणि डस्टिन हॉफमन तिच्याहून सहाच वर्षांनी लहान. 'द गोल्डन गर्ल्स' या मालिकेत आई झालेली एस्टेल गेटी पडद्यावरच्या लेकीपेक्षा, म्हणजे बी आर्थरपेक्षा, वर्षभराने लहानच होती.

हे तपशील गंमत म्हणून सांगत नाही. यातून लेखनावर थेट परिणाम होतो. नायक साठीपर्यंत तिशीचा राहणार हे ठरलेलं असेल, तर त्याची आई नेमकी किती वर्षांची आहे हे लिहिणाऱ्याला कळतच नाही. मग तिला शरीर नसतं, पाळी जाण्याचा काळ नसतो, गुडघे नसतात, नोकरीतून निवृत्ती नसते. पांढरी साडी, विग आणि थरथरता आवाज एवढ्यावर 'म्हातारपण' उभं करायचं. वय हा वेशभूषेचा भाग होतो आणि अनुभवाचा राहत नाही. नटी पस्तिशीची असली की तिच्या चेहऱ्यावर साठ वर्षांचं जगणं दिसणार नाही, म्हणून ते संवादांत कोंबलं जातं. जुन्या आया इतकं बोलून का दाखवतात, याचं एक कारण हे आहे असं मला वाटतं.

काम मिळण्याचा प्रश्न तर वेगळाच. १९६२मध्ये, दोन ऑस्कर नावावर असलेल्या बेटी डेव्हिसने व्यवसायाच्या नियतकालिकात 'काम हवं' अशी जाहिरात दिली. तिने पुढे ती अर्धी थट्टा होती असं म्हटलं, पण थट्टा लागायची ती खऱ्याच जागी लागली होती. २०१७मध्ये नीना गुप्तांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगल्या भूमिकांच्या शोधात आहे. मध्ये पंचावन्न वर्षं गेली होती आणि दोघीही पन्नाशी ओलांडलेल्या. डेव्हिसला त्याच सुमारास 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन?' मिळाला, ज्यात ती भेसूर मेकअप केलेली, बिनसलेल्या डोक्याची बाई होती. त्यानंतर काही वर्षं हॉलिवूडमध्ये एके काळच्या नायिकांना भयपटांत राक्षसिणी करण्याची लाटच आली. नीना गुप्तांना वर्षभरात 'बधाई हो' मिळाला, ज्यात ती प्रौढ वयात दिवस गेलेली, नवऱ्यावर प्रेम करणारी बाई आहे. बदल झालाय म्हणते तो हा. एकीला भीती वाटावी असं रूप देऊन काम मिळालं, दुसरीला माणूस म्हणून.

तरी 'बधाई हो'कडेही नीट बघायला हवं. त्या सिनेमाचा कणा कोण आहे? मोठा मुलगा. त्याला लाज वाटते, त्याचं प्रेमप्रकरण अडचणीत येतं, त्याला शेवटी समजतं. आई सुंदर लिहिली आहे, पण कथेचं वळण मुलाच्या मनात घडतं. त्यातला मला सर्वांत धारदार वाटलेला क्षण सुरेखा सिक्रींच्या सासूचा आहे. सुनेला इतका वेळ टोचून बोलणारी ती बाई नातेवाइकांसमोर एकदम तिची बाजू घेऊन सगळ्यांना गप्प करते. सिक्रींना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. त्या प्रवेशात चमक आहे याचं कारण, त्या बाईला स्वतःचं मत आहे आणि ते आधीच्या तिच्याच वागण्याच्या विरुद्ध जाणारं आहे. म्हातारं माणूस कथेच्या मध्यावर बदलू शकतं, हे मान्य करणारे लेखक फार थोडे.

मालिकांचा इतिहास थोडा वेगळा चालला. सिनेमा तरुणाला थिएटरमध्ये खेचण्यासाठी बनायचा, मालिका घरातल्या बाईसाठी. त्यामुळे तिथे वयस्क बाई कधीच गायब नव्हती. अमेरिकेत १९८४पासून बारा वर्षं अँजेला लॅन्सबरीने 'मर्डर, शी रोट'मध्ये खून उलगडणारी, विधवा, लेखिका असलेली जेसिका फ्लेचर रंगवली. १९६२मध्ये खोटी म्हातारी झालेली हीच बाई साठीच्या उंबरठ्यावर आपल्या खऱ्या वयात नायिका झाली. जेसिकाला बुद्धी होती, व्यवसाय होता, आणि कुणाची आई म्हणून तिची ओळख नव्हती. १९८५मध्ये आलेल्या 'द गोल्डन गर्ल्स'ने चार बायकांना एका घरात ठेवलं आणि पैसा, प्रेम, आजार, लैंगिकता यांवर मोकळेपणाने बोलायला लावलं. आजही त्या मालिकेचे प्रवेश लेखनाच्या वर्गात दाखवावेत असे आहेत, कारण विनोद वयावर बेतलेला असला तरी त्या बायका स्वतःच तो करत असतात.

आपल्याकडे २०००नंतर सासू हे सत्ताकेंद्र झालं. आणि मग लीप आले. कथा एका रात्रीत वीस वर्षं पुढे जायची, विशी-तिशीतली नटी केसांत चंदेरी बट लावून आजी व्हायची. टीआरपीच्या दृष्टीने नायिका तीच राहणं सोयीचं होतं. पण वय झालेल्या बाईची जागा तिथेही तरुण शरीरानेच भरली. त्या काळात 'बालिका वधू'मधल्या (२००८) कल्याणीदेवी, म्हणजे दादीसा, मला फार महत्त्वाच्या वाटतात. ती बाई कठोर आहे, अन्याय करते, आणि तिच्या कठोरपणामागे तिचं स्वतःचं दाबलेलं आयुष्य आहे हे मालिका सावकाश उलगडते. रोजच्या मालिकेकडे वेळ भरपूर असतो, ही तिची ताकद तिथे खऱ्या अर्थाने वापरली गेली.

मराठीत २०१९ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. 'अग्गंबाई सासूबाई'त निवेदिता सराफांची आसावरी दुसरं लग्न करते आणि सून तिच्या मागे उभी राहते. त्याच वर्षाच्या अखेरीस 'आई कुठे काय करते' सुरू झाली. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती नवऱ्याचं प्रकरण कळल्यावर घटस्फोटापर्यंत जाते, गाण्याकडे वळते, पुन्हा लग्नही करते. रोजच्या मालिकेत हे सोपं नाही. वाहिनीला प्रेक्षक दुखवायचा नसतो, आणि ज्या घरात मालिका बघितली जाते त्या घरात सासू, सून, मुलगा सगळे एकाच सोफ्यावर बसलेले असतात. म्हणून या मालिकांबद्दल मला आदर आहे. पण लिहिणाऱ्याने त्यांची रचनाही तपासावी. आसावरीची इच्छा आधी सुनेला कळते, मग सून ती पुढे नेते, मग मुलाचा विरोध कितीतरी भाग चालतो. इच्छा तिची, पण तिच्या बाजूने बोलणारं तोंड बऱ्याचदा दुसऱ्याचं. परवानगीचं हे नाट्य मराठी-हिंदी मालिकांतून अजून गेलेलं नाही. बाईने काही मागितलं की पुढचे तीन आठवडे घर तिला ते द्यायचं की नाही यावर चर्चा करतं, आणि कॅमेरा चर्चा करणाऱ्यांवर राहतो.

या तुलनेत 'बाईपण भारी देवा' (२०२३) मला मोकळा वाटला. सहा बहिणी, त्यांचे आपापसांतले जुने सल, आणि निमित्त मंगळागौरीच्या स्पर्धेचं. तिथे प्रश्न घराची परवानगी मिळते का एवढाच नाही, बहिणींनी एकमेकींना काय केलं हा आहे. बायका गटागटाने, नटूनथटून थिएटरला गेल्या आणि मराठीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत तो जाऊन बसला. 'या वयाच्या बायकांचा सिनेमा कोण बघणार' हा निर्मात्यांचा ठरलेला प्रश्न त्यानंतर तरी बंद व्हायला हवा होता. बाहेर तो त्याआधीच खोटा ठरला होता. जुडी डेंच आणि मॅगी स्मिथ असलेला 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल' (२०११) सुमारे एक कोटी डॉलरमध्ये बनला आणि जगभरात तेरा कोटींहून जास्त कमावून गेला.

ओटीटीने यात भर घातली ती मुख्यतः व्यवहारामुळे. तिथे पहिल्या शुक्रवारची धास्ती नसते, वर्गणी भरणारा प्रत्येक वयोगट मोलाचा असतो. जेन फोंडा आणि लिली टॉमलिन यांची 'ग्रेस अँड फ्रँकी' सत्तरीच्या पुढच्या दोन बायकांवर सात सीझन चालली. केट विन्स्लेटने 'मेअर ऑफ ईस्टटाउन'मध्ये (२०२१) चाळिशीतली आजी आणि पोलीस अधिकारी रंगवली, आणि आपल्या पोटाची वळी संकलनात लपवू दिली नाही.

आता इच्छेतला सर्वांत अवघड भाग, शरीर. 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'मध्ये रत्ना पाठक शाह पंचावन्न वर्षांची उषा आहे. सगळ्या वस्तीची 'बुआजी', जिला आपलं नाव सांगतानाही क्षणभर आठवावं लागतं. ती पोहायला शिकते, तरुण प्रशिक्षकाशी खोटं नाव घेऊन फोनवर बोलते. २०१७च्या सुरुवातीला सेन्सॉर मंडळाने या सिनेमाला प्रमाणपत्र नाकारलं, नंतर अपिलीय न्यायाधिकरणाने ते द्यायला लावलं. शेवटी घरच्यांना कळतं तेव्हा ते तिचं सामान रस्त्यावर फेकतात. मला त्या प्रसंगाचं लेखन थोर वाटतं, कारण तिथे इच्छेची किंमत खरी आहे. बाईला स्वातंत्र्य दिलं म्हणून टाळ्या घ्यायचा मोह लेखिकेने टाळला. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या 'अली: फिअर ईट्स द सोल'मध्ये (१९७४) साफसफाईची कामं करणारी साठीची एमी तिच्याहून खूप तरुण मोरोक्कन कामगाराशी लग्न करते. ती मुलांना हे सांगते तेव्हा एक मुलगा लाथ घालून तिचा टीव्ही फोडतो. पन्नास वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे, पण लिहायला बसलेल्या प्रत्येकाने एकदा बघावा.

दुसरी अवघड जागा म्हणजे आजार. विस्मरणाचा आजार दिला की लेखकाला वाटतं, म्हातारपणाची खोली आली. बहुतेक वेळा होतं असं, की ती बाई हळूहळू कथेतून पुसली जाते आणि गोष्ट तिची सेवा करणाऱ्यांची होते. याला उत्तर बघायचं असेल तर कोरियन दिग्दर्शक ली चांग-डोंगचा 'पोएट्री' (२०१०) बघा. साठीतली मिजा नातवाला एकटी सांभाळते, अर्धांगवायू झालेल्या एका म्हाताऱ्याची सेवा करून पैसे मिळवते, नीटनेटके फुलाफुलांचे कपडे घालते आणि कविता शिकायला जाते. तिला अल्झायमरची सुरुवात झाल्याचं कळतं. त्याच सुमारास नातू एका मुलीच्या मृत्यूला कारण असलेल्या अत्याचारात सामील होता हेही कळतं. बाकी मुलांचे बाप पैसे देऊन प्रकरण मिटवायला निघतात. शब्द विसरू लागलेली हीच बाई त्या मेलेल्या मुलीला आठवणीत ठेवण्याचं काम अंगावर घेते. आजार आहे, पण नैतिक निर्णय तिचाच राहतो.

आणि तिसरी गोष्ट, वाईट असण्याचा हक्क. 'हॅक्स' मालिकेतली (२०२१) स्टँड-अप कॉमेडियन डेबोरा व्हान्स, म्हणजे जीन स्मार्ट, स्वार्थी आहे, लोकांना वापरते, अपमान करते, आणि आपल्या कामात अप्रतिम आहे. तिला शेवटी गोड करण्याची घाई मालिका करत नाही. आपल्याकडे सध्या जी 'कूल आजी' आली आहे, स्कूटर चालवणारी, शिवी देणारी, नातीला ब्रेकअपवर सल्ला देणारी, ती मला जुन्या त्यागमूर्तीचीच नवी आवृत्ती वाटते. पूर्वी ती नायकासाठी रडायची, आता नायिकेसाठी हसते. तिच्या खोलीचं दार बंद झाल्यावर ती काय करते हे अजूनही कुणी लिहीत नाही.

मग लिहिताना काय सांभाळायचं? हॉलिवूडची अभिनेत्री जीना डेव्हिस यांच्या संस्थेने एक कसोटी सुचवली आहे. पन्नाशीपुढची निदान एक स्त्री कथेत अशी असावी की तिला काढलं तर कथा बिघडेल, आणि ती वयाच्या ठोकळेबाज कल्पनांत अडकलेली नसावी. सुरुवात म्हणून ही चांगली आहे. त्याच्या पुढे मी वनलाईन, म्हणजे कथेचा थोडक्यातला आराखडा, लिहितानाच काही गोष्टी पक्क्या करते. तिचं नेमकं वय. 'वयस्क' या एका शब्दात बावन्न, चौसष्ट आणि एक्याऐंशी हे तिन्ही येतात, आणि या तिघींचं जगणं एकमेकींसारखं नसतं. बावन्नची बाई बहुधा एक्याऐंशीच्या आईला सांभाळत असते, हा एवढा मोठा विषय अजून जवळपास रिकामा पडला आहे. पैसा कुणाच्या नावावर आहे आणि ती सही कुठे करते. ती कशात तरबेज आहे, म्हणजे हिशेब, शिवण, शिकवणं, भांडण लावणं, काहीही, पण तिचं कौशल्य दिसलं पाहिजे. आणि तिची एक मैत्रीण, जिच्यापाशी ती मुलांबद्दल सोडून बोलते. मैत्रीण आली की व्यक्तिरेखा आपोआप वेगळं बोलू लागते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

प्रवेश लिहून झाल्यावर दोन गोष्टी तपासा. ती प्रवेशात काही घेऊन येते का, म्हणजे चहाचा ट्रे नव्हे, एखादी मागणी, बातमी, राग. आणि प्रवेश कुणाच्या चेहऱ्यावर संपतो. पंचवीस भागांत एकदाही तिच्या चेहऱ्यावर संपत नसेल, तर पोस्टरवर ती मध्ये उभी असूनही मालिका तिची नाही. संवादांत म्हणींचा पाऊस पाडू नका. खरी माणसं सत्तरीतही अर्धवट वाक्यं बोलतात, विषय बदलतात, मोबाईलच्या पासवर्डवरून चिडतात.

शेवटी कास्टिंग, कारण तिथे लेखकाचं फारसं चालत नाही असं म्हणून आपण गप्प बसतो. 'सांड की आंख'मध्ये (२०१९) साठीपुढच्या नेमबाज बायका तापसी पन्नू आणि भूमी पेडणेकर यांनी मेकअप करून केल्या, तेव्हा निदान आमच्या वयाच्या भूमिका तरी आम्हाला द्या, असं नीना गुप्ता उघड म्हणाल्या होत्या. नायिकेची तरुण वयातली दृश्यं असतील तर एकच तरुण नटी घ्यावी, हा निर्मात्याचा हिशेब असतो. लेखक तो मोडू शकतो, पटकथा म्हातारपणात सुरू करून आणि तरुणपण तिच्या बोलण्यात ठेवून. फ्लॅशबॅक जितके कमी, तितका खऱ्या वयाच्या अभिनेत्रीला ती भूमिका मिळण्याचा संभव जास्त. पटकथेच्या पहिल्या पानावर, तिच्या पहिल्या प्रवेशाच्या ओळीत, वय अंकात लिहा, आणि लूक टेस्टच्या, म्हणजे मेकअप-वेशभूषा करून बघण्याच्या, दिवशी ते पान सोबत घेऊन जा.